नलूच्या चित्रांच्या कडा

प्रिय इरा, प्रिय निनाद,

एप्रिलमध्ये व्हिडिओ कॉलवर इराने मला विचारलं होतं, "आजी, नलूआजी कोणते रंग वापरायची?" मी म्हटलं, "तिची सगळी चित्रं नीट जपून ठेवली आहेत. याल तेव्हा दाखवेन." आणि लगेच निनादच्या पडलेल्या दाताची चौकशी केली. इराने नवी रंगपेटी कॅमेऱ्यासमोर धरली होती, ती मी नीट पाहिलीसुद्धा नाही. माझं ते उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं सांगायला मला मढपर्यंत जाऊन यावं लागलं, तेही दोनदा. आता मी जाऊन आले आहे, म्हणून लिहिते.

हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं आणि नोकरीतली सगळी टिपणंही मी इंग्रजीत लिहिली. हेही इंग्रजीत लिहायला बसले तर माझ्या हातून त्याचा एक व्यवस्थित अहवाल होईल. माझ्या व्यवस्थितपणाने आधीच बरंच नुकसान केलं आहे. तुमची आई वाचून दाखवेल. ती मध्ये थांबली तर थांबू द्या. नलूमावशी तिची फार लाडकी होती.

नलू, म्हणजे नलिनी, माझी धाकटी बहीण. महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायची. लग्न केलं नाही. मुलुंडच्या आपल्या घरात मागची खोली तिची होती. दर रविवारी सकाळी पाठीला फळी आणि खांद्याला झोळी लावून ती मढच्या कोळीवाड्यात जायची आणि संध्याकाळी सुक्या मासळीचा वास घेऊन परत यायची. आपल्या घरात मासे कधी शिजले नाहीत. मी तिची झोळी बाल्कनीत टांगायला लावत असे. ती टांगायची.

इरा पाळण्यात होती तेव्हा नलू गेली. तिच्या खोलीत जलरंगातली सदतीस चित्रं निघाली, लहानमोठ्या कागदांवर, कोपरे दुमडलेली. मी ऑफिसात रेकॉर्ड विभाग सांभाळला होता. महत्त्वाचा कागद कसा जपायचा हे मला माहीत होतं, निदान तसं मला वाटत होतं. आपल्या घरात रेशनकार्डापासून तुमच्या आईच्या दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत सगळं लॅमिनेट केलेलं आहे. मी ती चित्रं स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे नेली.

तो म्हणाला, "मॅडम, साइडला रंग सांडलाय. कापू?"

कागदांच्या कडांना खरंच रंगाचे ठिपके होते, जवळजवळ सगळ्यांना. मी म्हटलं, "कापा. सगळी एका मापाची करा."

तासाभरात सदतीस चित्रं चकचकीत होऊन आली. मी त्यांना क्रमांक दिले आणि कपाटात ठेवली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर कपाट उघडलं तेव्हा प्लास्टिकच्या आत काळे डाग पसरले होते. कुठे रंग वितळून प्लास्टिकला चिकटला होता, कुठे सगळं चित्रच मातकट झालं होतं. प्लास्टिक सोलून पाहिलं तर कागदाचा वरचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघून आला. एकाचं तसं झाल्यावर मी कपाट बंद केलं. इराने विचारलं तेव्हा ते बंदच होतं.

मग मे महिन्यात विजू वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आली. विजू म्हणजे खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण, तुम्ही जिला पापडवाली आजी म्हणता ती. मढच्या कोळीवाड्यात बर्फाच्या जुन्या कोठारात तीन वर्षं एक लहानसं कलादालन चालत होतं, गावाची चित्रं दाखवणारं. जागा मच्छीमारांच्या संस्थेला परत हवी होती, म्हणून येत्या रविवारी ते बंद होणार होतं. बातमीबरोबर एक काळपट फोटो होता. बोंबील वाळत घालणारी कोळीण, आणि खाली चित्रकार म्हणून नलूचं नाव.

"कुठल्या तरी एका चित्राला तुझा हात लागला नाही बघ," विजू म्हणाली. ती असंच बोलते.

मंगळवार

सकाळी आठला निघालो. घाटकोपरपर्यंत गाडी, पुढे मेट्रो. मेट्रोबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ती थंड असते आणि खिडकीतून लोकांच्या गच्च्यांवरच्या टाक्या दिसतात. विजूने पूर्ण वेळ आपल्या जावेचं ऑपरेशन सांगितलं आणि मी पिशवी मांडीवर धरून बसले.

पिशवीत स्टीलचा एक डबा होता. त्याच्यावर ‘हिरा, मढ’ असं कोरलेलं आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते हरवू नये म्हणून. हा डबा हरवला नव्हता. तो दहा वर्षं माझ्याच फडताळात होता.

नलू शेवटी आजारी होती तेव्हा एका दुपारी बेल वाजली. दारात एक कोळीण उभी होती, केसांत अबोलीची वेणी, उन्हाने दमलेली. "नलूबायला कालवन आनलंय," ती म्हणाली. मढहून मुलुंडला ती कशी आली असेल, किती वाहनं बदलली असतील, हे मी तिला विचारलं नाही. मी म्हटलं, नलू झोपली आहे. नलू जागी होती, आतून तिचा खोकला ऐकू येत होता. मी डबा घेतला, उत्तम शब्दांत आभार मानले आणि दार लावलं. मासळीचं कालवण वॉचमनला दिलं. संध्याकाळी नलूने विचारलं, "कोण आलं होतं गं?" मी म्हटलं, "कुरिअर."

डबा रिकामा परत करायची आपल्यात रीत नाही, आणि काय भरून द्यावं हे मला सुचलं नाही. मग नलू गेली आणि डबा राहिला. या वेळी मी त्यात नारळाच्या वड्या भरल्या होत्या.

वर्सोव्याच्या धक्क्यावर वाळत घातलेल्या जाळ्यांमधून वाट काढावी लागते. आकाश पांढुरकं होतं. पाऊस यायला अजून अवकाश, पण ऊनही नाही, नुसता चिकट उकाडा. मी पदर नाकाला लावला तसं विजू पुटपुटली, "हात खाली कर गं. बघतायत सगळे." होडीत चार मोटरसायकली चढल्या, टोपल्या घेतलेल्या बायका चढल्या, शेवटी आम्ही दोघी. पाणी राखेसारखं होतं. मी घड्याळ पाहिलं ते सवयीने.

पाच मिनिटांत होडी पलीकडे लागली.

पाच मिनिटं, मुलांनो. इतकी वर्षं नलू दर रविवारी निघाली की मला वाटायचं ती कुठेतरी फार लांब जाते. मी तिला दर वेळी सांगायची, "इतक्या लांब जाऊन काय मिळतं तुला?" ती एकदा म्हणाली होती, "तू चल की." मी पडदे धुवायला काढले होते.

मढच्या धक्क्यावरून रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, "किधर, किल्ला?" विजूने त्याला कात्रण दाखवलं. तो म्हणाला, "वो बरफवाला गोडाऊन? वहाँ क्या है देखने को?" तरी त्याने सोडलं. गावाच्या टोकाला जाड दगडी भिंतींची बिनखिडक्यांची इमारत आहे. लोखंडी दाराला कुलूप होतं. आणि सगळ्या गावात बँड वाजत होता.

गल्लीतून एक बाई लगबगीने आली, अंगभर हळद लागलेली, अगदी कानाच्या पाळ्यांपर्यंत. ती म्हणाली, "आज हलद हाय गो. आज कोन नाय गावनार. चावी प्राचीकडं, आन् प्राची नवरीची करवली. चला मांडवात, शरबत घ्या."

आपल्याकडे हळद म्हणजे घरातल्या पाच-सात बायका आणि अर्धा तास. तिथे अख्खं गाव कामाला कुलूप लावून नाचत होतं. टोपल्या पालथ्या घातल्या होत्या, बर्फाची गाडी तशीच परत गेली होती. विजूचे पाय आधीच हलायला लागले होते.

"अगं चल ना. एवढं बोलावतायत."

"आपण कोण त्यांच्या?"

"पाहुण्या. कोण म्हणजे काय? तुझ्याकडे डबा आहे, माझ्याकडे तोंड आहे. झालं की."

मी गेले नाही. विजू गेली आणि सरबत पिऊन, कपाळभर हळद लावून घेऊन आली. तोवर मी कोठाराच्या पायरीवर बसून राहिले. दाराच्या फटीतून आत पाहिलं. भिंतीकडे तोंड करून फ्रेमा एकमेकींना टेकवून ठेवल्या होत्या, नुसते पाठीचे तपकिरी पुठ्ठे दिसत होते. त्यातलं नलूचं कुठलं हे कळायला मार्ग नव्हता. डबा घेऊन परक्या दारात बसलं की वेळ कसा जातो ते मला त्या तासाभरात समजलं.

हिराबाईंची चौकशी मांडवात करता आली असती. विजूने तसं म्हटलंही. मी म्हटलं, लग्नघरात नको. खरं म्हणजे मला त्यांच्यासमोर जायचं नव्हतं. मला फक्त चित्र पाहायचं होतं आणि डबा कोणाच्या तरी हाती देऊन निघायचं होतं.

परतताना होडीत विजू म्हणाली, "तुला माहितेय तुझं काय होतं? तू माणसांना पण फाइलमध्ये लावतेस. आणि मग फाइल उघडायची म्हटलं की भितेस."

मी तिच्याशी घाटकोपरपर्यंत बोलले नाही. तिला काही फरक पडला नाही.

शुक्रवार

मधले दोन दिवस गुडघ्याने घेतले. शुक्रवारी पुन्हा निघालो. या वेळी ओहोटी होती आणि होडी धक्क्याला टेकेना. फळीवरून शेवाळलेल्या दगडांवर उतरायचं होतं. माझी एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. मी एका पायावर उभी, तेवढ्यात मागची टोपलीवाली म्हणाली, "हात दे. लाजतंस काय? सगलीच पडतात हितं." तिने मला कोपराला धरून वर ओढलं आणि आपल्या टोपलीखालचं चुंबळीचं फडकं माझ्या पायाला गुंडाळून दिलं. मी तशीच, एका पायात चप्पल आणि एका पायात फडकं, कलादालनात पोचले. तुमची आजी कधीही इस्त्रीशिवाय बाहेर पडत नाही हे तुम्हाला माहीत आहे. विजू वाटभर हसत होती.

दार उघडं होतं. आत गार अंधार आणि दोन ट्यूबलाइट. पंचविशीची एक मुलगी फ्रेमा जुन्या सुती लुगड्यांत गुंडाळून ठेवत होती. तीच प्राची. तिने चित्रकलेचं शिक्षण घेतलं आहे, आठवडाभर अंधेरीत नोकरी करते आणि सुट्टीत हे दालन चालवत होती. या आठवड्यात लग्नासाठी आणि आवराआवरीसाठी तिने रजा घेतली होती. नलूचं नाव सांगितल्यावर तिच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं.

"नलूबाईंच्या तुम्ही कोण?"

"बहीण."

"म्हणजे मुलुंडच्या," ती म्हणाली. तिने भिंतीकडची तिसरी फ्रेम उचलली आणि उजेडाकडे फिरवली.

इरा, मी तुला खरं सांगते. चित्रात रंग नव्हता. आकार सगळा होता. काठ्यांच्या मांडवावर बोंबील टांगणारी बाई, उचललेले दोन हात, मागे खाडी. पण लुगडं पातळ चहासारखं, आभाळ कागदासारखं, चेहरा पुसट. जणू कोणी चित्र धुऊन वाळत घातलं होतं.

"नलूबाईंनीच दिलेलं हे, माझ्या हिराआजीच्या पलंगासमोर होतं," प्राची म्हणाली. "तिला पडल्या पडल्या दिसायला हवं म्हणून. संध्याकाळचं ऊन थेट त्याच्यावर यायचं. मी इथे आणलं तोवर सगळा लाल गेला होता. जलरंग उन्हाला टिकत नाहीत ना."

आपण चित्र दिवाणखान्यात लावतो, आल्यागेल्याला दिसावं म्हणून. त्यांनी ते स्वतःला दिसावं म्हणून लावलं होतं. उपयोग दोन्हीचा सारखाच झाला. माझ्या हातात सापडलेली प्लास्टिकने गेली, आणि वाचलेलं हे एक उन्हाने. मी मासळीच्या एका रिकाम्या खोक्यावर बसले. विजू माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तुला काय लिहायचं याचाच मी विचार करत होते. वाक्यं तयारही होत होती, चांगली, नेटकी वाक्यं.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज आला. म्हातारी बाई, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी. केसांत अबोली नव्हती, पण मी ओळखलं. तिनेही ओळखलं.

"तू दारातली," हिराबाई म्हणाल्या. "नलूबायची मोठी बहीन."

मी उठून डबा पुढे केला. त्यांनी तो घेतला, कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं, झाकण उघडून वास घेतला.

"डबा घासाया दहा वर्सं लागली काय गो?"

विजूला हसू आवरलं नाही. प्राचीने मान खाली घातली. मी म्हटलं, "हो. लागली."

"ती झोपली नव्हती."

"नाही."

"मला खोकला आयकाया आला. कालवन खाल्लंन तिनं?"

याचं उत्तर देताना मला भिंतीकडे पाहावं लागलं. "नाही. तुम्ही आला होता हे मी तिला सांगितलंच नाही."

हिराबाईंनी डब्याचं झाकण लावलं, तशी मी पुन्हा खोक्यावर बसले. मग काठी टेकत खोक्यापाशी आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. मला वाटतं त्यांचेही गुडघे दुखत असावेत. म्हणाल्या, "मला वाटलं, तिलाच मी नको झालू." थोड्या वेळाने पुन्हा, "म्हनून मग आलू नाय परत."

मी पायाचं फडकं सोडून पुन्हा बांधलं.

"बाकीची चित्रं कुठं हायत?" त्यांनी विचारलं. "लय काढलीन तिनं हितं."

मग मी सगळं सांगितलं. कपाट, झेरॉक्सवाला, प्लास्टिक, काळे डाग. प्राचीने डोळे मिटून घेतले. हिराबाईंना लॅमिनेशन हा शब्द कळला नाही. विजूने पर्समधून आपलं ज्येष्ठ नागरिकांचं कार्ड काढून दाखवलं. त्यांनी ते नखाने वाजवून पाहिलं.

"वली सुकट असल्या पिशवीत बांधलीस तर काय व्हईल?" त्या म्हणाल्या. "कुजंल. कागूद पन पानी पितो. एवढी शिकल्याली तू."

"आणि कडा कापल्या," मी म्हटलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "रंग सांडला होता कडांना. ठिपके. सगळी एका मापाची व्हावीत म्हणून कापून टाकल्या."

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आतापर्यंत त्या रागावल्या होत्या असं मला वाटत होतं. तसं नसावं. रागावल्या त्या आत्ता.

"सांडला नव्हता त्यो. ती रंग कालवायची, आन् कडेला लावून मला इचारायची. हिरा, तुजं लुगडं असं का असं? खाडीचं पानी असं का असं? मी बोट दाखवायची. मी हां म्हटल्याबिगर ती आत रंग लावत नवती. मी हितं मासली टांगतंय, ती तितं बसून इचारतंय. दिसभर ह्येच."

सदतीस चित्रांच्या कडा म्हणजे त्या दोघींचे किती रविवार होते, याचा हिशेब मी तिथे केला नाही. त्या पट्ट्या झेरॉक्सवाल्याच्या टेबलाखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पडताना मी पाहिल्या होत्या. मला त्या वेळी बरं वाटलं होतं, पसारा कमी झाल्यासारखं.

हिराबाईंनी काठीने फ्रेमकडे दाखवलं. "प्राची, खोल ती."

"आजी, आता? मला पॅक करायचंय."

"खोल म्हनते ना. कडा आत हायत."

चित्राभोवती पुठ्ठ्याची एक चौकट बसवतात, तिला माउंट म्हणतात. कागदाची कड तिच्याखाली झाकली जाते. प्राचीने फ्रेम पालथी घातली, गंजलेले बारीक खिळे पकडीने एकेक करून काढले, पाठीचा पुठ्ठा उचलला. कागद माउंटला एका जागी चिकटला होता. तिने पातळ सुरी आत सरकवली, थांबली, पुन्हा सरकवली. विजूने खिळे तळहातावर गोळा केले. मग प्राचीने माउंट अलगद बाजूला केलं.

मधलं चित्र फिकट, आणि त्याच्या भोवती तीन बाजूंना बोटभर रुंदीची कड. तिच्यावर ऊन कधी पडलंच नव्हतं. खालची चौथी बाजू कसरीने खाल्ली होती. उरलेल्या तिन्हींवर ठिपके होते, अंगठ्याएवढे, काल लावल्यासारखे. मी मोजले. अकरा. काहींच्या शेजारी पेन्सिलीची बारीक खूण होती. नलू शाळेच्या वहीत बरोबर उत्तराला करायची तशी.

लाल पहिल्यांदा डोळ्यांत भरला. कोकमाच्या आगळासारखा, जवळजवळ काळा, पण लालच. हिराबाईंनी त्याच्यावर बोट धरलं, टेकवलं नाही.

"ह्यो लुगड्याचा. ह्यो खाडीचा, सुकतीचा. भरतीचा ह्यो वरला, त्यो नको म्हटलं मी. ह्यो कालच्या बोंबलांचा, ह्यो आजच्या."

राखाडीतल्या त्या दोन छटांमध्ये मला फरक दिसला नाही. त्यांनी दोनदा दाखवल्यावर दिसला. कालचा किंचित पिवळा होता.

"आणि हा?" मी विचारलं. वरच्या कोपऱ्यात तपकिरी ठिपका होता, खूण नसलेला.

"त्यो माज्या तोंडाचा," हिराबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, एवढी काली नाय मी. ती हसून हसून फली पडली तिची खाली." मग त्यांनी आपला हात त्या ठिपक्याशेजारी धरून पाहिला. "बरोबरच व्हता पन."

मी फोनवर फोटो काढले. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळे ठिपके निळसर आले, कोकमाचा रंग वांग्यासारखा दिसतो आहे. तुम्हाला ते पाठवणार नाही. मी हिराबाईंना विचारलं, चित्र आठ दिवस मुलुंडला नेऊ का, नीट प्रत काढून माझ्या नातीला पाठवते, ती चित्रं काढते.

"नाय," त्या म्हणाल्या.

"मी जपून..."

"तू जपशील म्हनूनच नाय." त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता. "हितं ऱ्हाऊ दे. पोरीला हितं आन. मी दाखवीन तिला, कंचा कशाचा ते. लवकर आन पन."

मग त्यांनी प्राचीला माउंट होतं तसं परत बसवायला लावलं. उघडं ठेवलं तर कडाही जातील, हे प्राचीने सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं.

त्यांच्या घरी कोरा चहा झाला, तांदळाची भाकरी आणि गूळ झाला. मी उंबऱ्यावर बसले. आपल्याकडे उंबऱ्यावर बसू देत नाहीत, तिथे सगळ्या बायका तिथेच बसतात, कारण वारा तिथे येतो. नलू कुठे बसायची, मी विचारलं. "हितंच की," त्या म्हणाल्या, "आन् भाकरीसंगती गूल खात नवती." निघताना डबा परत मिळाला. त्यात सुके बोंबील होते. विजूने तिच्याकडे त्यांचं कालवण केलं. मी खाल्लं नाही, या वयात ते होणार नाही. पण डबा दोन दिवस आपल्या ओट्यावर उघडा होता आणि मी खिडक्या उघडल्या नाहीत.

इरा, तू विचारलं होतंस त्याचं उत्तर मी ठिपक्यांच्या क्रमाने वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. कोणता कशाचा, कशाला खूण आहे, कशाला नाही. सोबत पाठवते. पण ते नुसते शब्द आहेत. सुट्टी नीट पाहून तिकिटं काढा असं तुमच्या आईला सांगा. हिराबाईंचं वय झालं आहे आणि ठिपक्यांची नावं दुसऱ्या कोणालाच माहीत नाहीत.

रविवारी कलादालन बंद झालं. बर्फाच्या कोठारात आता जाळी आणि इंजिनाचे सुटे भाग आहेत, प्राचीने फोनवर सांगितलं. माझ्या कपाटातली चित्रं प्लास्टिकमधून सोडवता येणार नाहीत, असंही ती चौकशी करून म्हणाली. मढला हिराबाईंच्या घरात, पलंगाच्या उजव्या भिंतीवर, जिथे ऊन पोचत नाही तिथे नलूचं एक चित्र आहे. ते फिकट झालेलं आहे. त्याच्या कडेला, पुठ्ठ्याखाली, अकरा ठिपके आहेत. ते अजून आहेत.

तुमची आजी